'रिस्टार्ट मार की, भावा!' या प्रतिक्रियेला उत्तर

डिलीट न होणाऱ्या फायलींवर मी लिहिलेल्या लेखाखाली एक प्रतिक्रिया आली आहे. लिहिणाऱ्यांनी नाव दिलेलं नाही, गाव मात्र कोल्हापूर लिहिलंय. ती जशीच्या तशी देतो:

"भावा, एवढं पुराण कशाला? रिस्टार्ट मारायचा, नाही जमलं तर अनलॉक करणारं एखादं सॉफ्टवेअर टाकायचं, दोन मिनिटांत फाइल साफ. फाइल आपली, कॉम्प्युटर आपला, मग कुणाला विचारत बसायचं? २६० अक्षरांची भानगड तर कधीच संपली, तुम्ही अजून तिथंच. लिनक्सवाल्यांना हा त्रासच नाही. तुम्ही दुकानवाले सोप्याचं अवघड करून सांगता, म्हणजे गिऱ्हाईक घाबरून तुमच्याकडंच येतंय."

'भावा' म्हणालात, आनंद आहे. पण ज्याला भाऊ म्हणायचं त्यालाच शेवटच्या वाक्यात लबाड ठरवायचं, ही कुठली रीत? मतभेद असू देत, लेखातली चूक दाखवा, मी ऐकून घेईन. पण मी पोटासाठी लोकांना घाबरवतो असं चारचौघांत लिहिलंत, त्याला उत्तर देणं मला भाग आहे.

मी या धंद्यात आलो तो लक्ष्मीपुरीतल्या एका डीटीपी सेंटरमध्ये, विंडोज ९८ चा जमाना होता तेव्हा. फाइल अडली की एकच औषध माहीत: फॉरमॅट मार. का अडली, कुणामुळं अडली, हे सांगणारं कुणी नव्हतं आणि विचारलं तर वरनं बोलणी बसायची. लग्नपत्रिकांची तयार मॅटर्स, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळं त्या फॉरमॅटमध्ये जायचं आणि रात्री बसून आम्ही ते पुन्हा टाइप करायचो. तेव्हाच ठरवलं होतं की आपल्याला कळेल तेवढं मराठीत लिहून ठेवायचं. गिऱ्हाईक घाबरवून धंदा करायचा असता तर कुठला प्रोग्राम काय वापरतोय ते दाखवणारा विंडोजचा रिसोर्स मॉनिटर कुठं असतो, त्यात 'असोसिएटेड हँडल्स'च्या चौकटीत फाइलचं नाव टाकून कसं शोधायचं, हे मी फुकट कशाला सांगितलं असतं? ते वाचून ज्याचं काम घरीच झालं तो माझ्या दुकानाची पायरी चढणार नाही, हे मलाही कळतं.

आता रिस्टार्टबद्दल. रिस्टार्टनं बऱ्याचदा काम होतं, मान्य. लेख लांब आहे, हेही मान्य. पण रिस्टार्टचा उपाय लेखात अगदी सुरुवातीलाच लिहिला आहे, आणि त्याच्या पुढं हेही लिहिलं आहे की 'शटडाउन करून चालू करणं' म्हणजे रिस्टार्ट नव्हे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. त्यात शटडाउन करताना तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि पाठीमागं चालणाऱ्या सर्व्हिसेस डिस्कवर साठवून ठेवल्या जातात आणि सकाळी तशाच उठवल्या जातात. म्हणजे फाइल एखाद्या सर्व्हिसनं धरली असेल तर रात्रभर मशीन बंद ठेवूनही सकाळी ती तिथंच असते. 'पुढच्या वेळी चालू होताना ही फाइल काढ' अशी नोंद करून ठेवली असली तर तीसुद्धा खऱ्या रिस्टार्टलाच अमलात येते. हे एवढं तरी वाचून मग लिहायला हवं होतं.

पण मला खरं बोलायचंय ते तुमच्या एका वाक्यावर: "फाइल आपली, कॉम्प्युटर आपला, मग कुणाला विचारत बसायचं?" हे वाक्य वाचून मला राग आला, कारण याच वाक्यानं झालेलं नुकसान मी डोळ्यांनी बघितलंय.

विंडोजमध्ये एखादा प्रोग्राम फाइल उघडतो तेव्हा तो सिस्टीमला सांगतो की माझं काम चालू असताना दुसऱ्यांना काय करू द्यायचं: वाचू द्यायचं का, लिहू द्यायचं का, डिलीट करू द्यायचं का. त्यानं डिलीटला परवानगी दिलेली नसेल तर ती उघडी असेपर्यंत विंडोज तुम्हाला नाही म्हणतं. तो बिघाड नाही. सिस्टीमनं त्या प्रोग्रामला शब्द दिलाय आणि ती तो पाळतेय. तुम्ही सांगता तो उपाय म्हणजे जेवत्या माणसापुढचं ताट ओढणं.

उद्यमनगरातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात हेच झालं. हिशेबाचा डेटा एका मशीनवर, तो फोल्डर नेटवर्कवर शेअर केलेला, आणि आतल्या खोलीतून अकाउंटंट बाई त्याच डेटात नोंदी करत होत्या. बाहेर बसलेल्या पोराला डिस्कवर जागा हवी होती. त्याला तो फोल्डर जुना वाटला, डिलीट होईना, म्हणून त्यानं नेटवरनं एक फुकटचं अनलॉक करणारं टूल घेतलं, हँडल, म्हणजे प्रोग्रामची फाइलवरची पकड, तोडलं आणि शिफ्ट दाबून, म्हणजे रीसायकल बिनमध्येही न टाकता, फोल्डर उडवला. तुमच्याच शब्दांत सांगायचं तर दोन मिनिटांत साफ. बॅकअप मागच्या महिन्याचा होता. महिनाभराची बिलं त्या बाईंनी पुन्हा चढवली, चूक कुणाची आणि जागरण कुणाला! ते निस्तरायला मला बोलावलं होतं. त्या बाईंचा चेहरा तुम्ही बघितला असता तर 'कुणाला विचारत बसायचं' हे तुमच्या बोटांतून उमटलं नसतं.

त्या पोरानं बघितलं नव्हतं असं नाही. त्यानं रिसोर्स मॉनिटर उघडला होता आणि तिथं फाइल धरणाऱ्याचं नाव दिसलं 'सिस्टीम'. त्याला वाटलं विंडोजच वेडं झालंय. पण नेटवर्कवरून दुसऱ्या कुणी फाइल उघडली की ज्या मशीनवर फाइल आहे तिथं ती 'सिस्टीम'च्याच नावावर दिसते. खरं नाव बघायचं असेल तर त्याच मशीनवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्स, त्यात ओपन फाइल्स. तिथं कोण आत आहे त्याचं यूजरनेम येतं. उलट तुम्ही दुसऱ्या मशीनवर बसून नेटवर्कवरची फाइल उडवायला गेलात तर तुमच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये काहीच दिसणार नाही, कारण धरणारा तुमच्या मशीनवर नाहीच. तिथं तुम्ही तुमचा कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत रिस्टार्ट मारत बसा, फाइल हलणार नाही. आपल्याकडं शाहूपुरी, राजारामपुरीत कुठल्याही ऑफिसात जावा, दोन-चार मशीन जोडलेली असतातच. अशा ठिकाणी 'फाइल आपली' या बोलण्याला काही अर्थच राहत नाही.

आणि हँडल तोडणं म्हणजे काय, तेही ऐका. विंडोजच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारी सिसइंटर्नल्सची टूल्स मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी लिहिली, २००६ मध्ये त्यांची कंपनी मायक्रोसॉफ्टनं घेतली. त्यातल्या प्रोसेस एक्स्प्लोररमध्ये आणि 'हँडल' नावाच्या टूलमध्ये हँडल बंद करायची सोय आहे. पण त्यानं प्रोग्राम किंवा अख्खी सिस्टीम अस्थिर होऊ शकते, अशी ताकीद त्याच टूलच्या माहितीत दिलेली आहे. कारण ज्या प्रोग्रामचं हँडल तुम्ही तोडलं त्याला याचा पत्ताच नसतो. हँडल म्हणजे फाइल उघडताना विंडोजनं त्याला दिलेला एक नंबर, तो त्याच नंबरवर लिहीत राहतो. दरम्यान तोच नंबर विंडोजनं त्याच प्रोग्रामच्या दुसऱ्या एखाद्या फाइलला दिला असेल तर एका फाइलचा मजकूर दुसरीत जाऊन पडतो. ज्यांनी ही टूल्स केली ते जपून वापरा म्हणतात आणि तुम्ही म्हणता बिनधास्त टाका. मी कुणाचं ऐकू?

माझी पद्धत म्हणूनच संथ आहे आणि संथच राहील. आधी धरलंय कुणी ते शोधायचं. पुष्कळदा उत्तर अगदी साधं निघतं. एक्स्प्लोररचा प्रीव्ह्यू पेन, म्हणजे फाइल न उघडता आतलं दाखवणारी बाजूची चौकट, उघडा असतो आणि पीडीएफ त्यानंच धरलेली असते, ऑल्ट आणि पी दाबून तो पेन बंद केला की फाइल जाते. वर्ड वरून बंद दिसतं, पण टास्क मॅनेजरमध्ये चालू असतं. अँटीव्हायरस तपासणी करत असतो, वनड्राइव्ह फाइल वर चढवत असतो, थोडं थांबलं की सुटते. यातल्या कुठल्याच गोष्टीला तोडफोड लागत नाही, आणि एकदा कारण कळलं की पुढच्या वेळी तुमचं तुम्हाला जमतं.

'फाइल आपली' यावरच अजून एक. विंडोज फोल्डरमधल्या कितीतरी फायली आपल्या नसतातच. व्हिस्टापासून त्यांची मालकी ट्रस्टेड इन्स्टॉलर या विंडोजच्याच सर्व्हिसकडं असते, ॲडमिनिस्ट्रेटरकडंसुद्धा नाही. 'फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे' हा संदेश वेगळा आणि 'परवानगी नाही' हा वेगळा. दुसऱ्या संदेशावर अनलॉक करणारं टूल चालवून काही उपयोग नाही, कारण तिथं कुणी धरलेलंच नसतं, हक्काचा प्रश्न असतो. तुमच्या स्वतःच्या जुन्या हार्ड डिस्कवरचे फोल्डर नव्या मशीनला जोडल्यावर अडले तर मालकी बदलून घ्या, खुशाल घ्या. पण जागा करायची म्हणून विनएसएक्सएस, म्हणजे विंडोज स्वतःच्या फायली साठवतं त्या फोल्डरची मालकी घेऊन त्यात हात घालणारे लोक मला भेटलेत, आणि त्यानंतर त्यांच्या विंडोजला अपडेट घेता येईना. एक्स्प्लोरर त्या फोल्डरची जेवढी जागा दाखवतो तेवढी तो खातही नाही, कारण तीच फाइल हार्ड लिंकनं दोन ठिकाणी दिसते आणि दोनदा मोजली जाते. डिस्क क्लीनअप त्यासाठीच दिलंय.

बाकी मुद्दे थोडक्यात उरकतो.

फाइलच्या मार्गाला, म्हणजे वरच्या सगळ्या फोल्डरांची नावं धरून तिच्या पूर्ण पत्त्याला, असलेली २६० अक्षरांची मर्यादा 'कधीच संपली' हे अर्धंच खरं. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, ती उठवता येते. पण ती आपोआप उठत नाही, सेटिंग बदलावं लागतं आणि त्या त्या प्रोग्रामलाही लांब मार्ग झेपावा लागतो. खुद्द एक्स्प्लोरर अजून अडखळतो. आपल्याला ही मर्यादा इतरांपेक्षा लवकर लागते, कारण काना, मात्रा, उकार, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं. 'कोल्हापूर' आपल्या डोळ्यांना चार अक्षरं, विंडोजच्या हिशेबात नऊ. आपले डीटीपीवाले फोल्डरला 'वैभवलक्ष्मी मंगल कार्यालय पत्रिका नवीन फायनल दुरुस्त' असली नावं देतात, आत पुन्हा तसंच, मग काय होणार? वरच्या फोल्डरांची नावं एकेका अक्षराची करा, मार्ग आखूड होतो आणि फाइल जाते. यात कुणाला घाबरवलं मी?

तसंच नावाच्या शेवटी स्पेस किंवा टिंब असलेले फोल्डर. मॅकवर तयार होऊन आलेल्या पेनड्राइव्हमध्ये ते सापडतात, आणि एक्स्प्लोरर म्हणतो असा आयटमच नाही. समोर दिसतोय आणि नाही म्हणतोय! सेफ मोडमध्ये जाऊनही तो जात नाही. त्यासाठी लेखात कमांड दिली आहे, ती वापरा.

लिनक्सबद्दल: तिथं उघडी फाइल डिलीट होते हे बरोबर. पण जातं ते फक्त नाव. प्रोग्रामनं ती धरून ठेवली असेल तोवर मजकूर डिस्कवर राहतो आणि जागा मोकळी होत नाही. डिस्क भरली म्हणून मोठी लॉग फाइल (प्रोग्रामच्या नोंदींची फाइल) उडवायची आणि तरी डिस्क भरलेलीच, हा प्रकार सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा. तिथंही शेवटी कुणी धरलंय तेच शोधावं लागतं. 'त्रासच नाही' म्हणणाऱ्यानं सर्व्हर सांभाळलेला नसावा, एवढंच म्हणतो.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, ती राहू दे. पण पुन्हा लिहाल तर माणसाच्या हेतूवर न जाता कामाचं लिहा. तुमच्या मशीनवर एखादी फाइल खरोखर अडली असेल तर स्क्रीनवरचा संदेश शब्दशः लिहून पाठवा, विंडोज कुठलं आहे, फाइल आपल्याच डिस्कवर आहे की नेटवर्कवर, तेही सांगा, मी इथंच उत्तर देईन. फोल्डर शेअर केलेला असेल तर माझ्या उत्तराची वाट न बघता तो ज्या मशीनवर आहे तिथली ओपन फाइल्सची यादी आधी उघडा, आणि तिथं ज्याचं नाव दिसेल त्याला काम सेव्ह करून फाइल बंद करायला सांगा.