तीन एके एक

ख्रिश्चनांचा देव एक की तीन, त्या डिबेटचा रील सगळ्यांच्या मोबाईलवर येऊन गेलाय, परत सांगत बसत नाही. बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या कट्ट्यावर काल त्याच्यावरूनच पेटलं. वर पावसाची भुरभुर, बाय टू चहाच्या दोन फेऱ्या झालेल्या, आणि आप्पानं चष्मा कपाळावर चढवून फोन काढला म्हणजे आता तासाभराची निश्चिंती.

"एकच देव म्हणतात आणि बाप, मुलगा, पवित्र आत्मा असे तीन मोजतात, हा कसला हिशोब?" आप्पा बँकेतून रिटायर, जगात कुठंही टॅली न होणारं खातं दिसलं की त्याला झोप लागत नाही.

पास्कू मिरची भजी खात होता. नंदगडचा, सेमिनरीतून, म्हणजे पाद्री व्हायच्या शाळेतून, लग्नासाठी पळालेला, त्यामुळे ह्या विषयात त्याच्याशी पंगा घेऊ नये हे आप्पा सोडून सगळ्यांना कळतं. म्हणाला, "आप्पा, तीन देव म्हणलास तर आमच्यातपण ते चूकच. देव एकच आहे हे यहुद्यांचं वचन येशूनं स्वतः म्हणून दाखवलंय, बायबलात मार्कच्या बाराव्या अध्यायात बघ."

"सोप्पं आहे की बे," संज्या मध्येच, "पाणी, बर्फ, वाफ! वस्तू एकच, रूपं तीन." (संज्याला बर्फाचं एवढं ज्ञान कुठनं आलं ते त्याच्या बायकोला विचारा.)

"हे तिसऱ्या शतकातच मोडीत निघालंय," पास्कू म्हणाला. " सॅबेलियस म्हणून होता, त्याच्या नावावर हेच खपतंय, एकच देव तीन सोंगं घेतो म्हणे. मग येशू यार्देन नदीत उभा असताना वरून 'तू माझा पुत्र' असं कोण म्हणालं? स्वतःच स्वतःला?"

"मग आमच्या दत्तासारखं म्हण की," बसू.

"तसंपण नाही रे. तिघं मिळून एक झाले असं नाही इथं. बाप पूर्ण देव, मुलगा पूर्ण देव, आत्मा पूर्ण देव, तरी देव एकच. एक तृतीयांश कुणाच्याच वाट्याला नाही."

"म्हणजे कळणारच नाही!" आप्पा खूष.

"देव तुझ्या लेजरात मावला असता तर त्याच्या पाया कशाला पडला असतास? हे समजावून सांगायला केलेलंच नाही आप्पा, हे कुंपण आहे. तीन देव म्हणायचं नाही, एकाची तीन सोंगं म्हणायचं नाही, मुलगा बापानं नंतर निर्माण केला म्हणायचं नाही. एवढंच."

मला हे पटलं, उगाच का खोटं बोलू. आप्पाला कुठलं पटतंय, त्यानं हुकमी एक्का काढला: 325 साली निकेया गावात रोमच्या कॉन्स्टंटाइन राजानं बिशप गोळा केले, मतदान घेतलं आणि येशूला देव करून टाकलं.

"काय बोलालैस आप्पा! 112 च्या आसपास प्लिनी नावाच्या रोमन अधिकाऱ्यानं बादशहाला लिहिलंय की ही लोकं ख्रिस्ताला देव समजून भजन म्हणतात. तुझ्या मतदानाच्या दोनशे वर्षं आधी. आणि मतदानानं मिटलं असतं तर निकेयाची, म्हणजे येशू पूर्ण देव म्हणणारी, बाजू लढवणारा बिशप अथनेशियस पाच वेळा हद्दपार कशाला झाला असता? पहिल्यांदा तर तुझ्या ह्याच राजानं काढला त्याला. राजाला मरताना, 337 साली, बाप्तिस्मा दिला तो बिशपपण एरियसच्या बाजूचा, म्हणजे मुलगा निर्माण केलेला म्हणणाऱ्यांचा. पवित्र आत्म्याबद्दलचं तर 381 ला नीट लिहिलं गेलं."

"एवढी भांडणं, आणि म्हणे एकच!"

"भांडणाचं तू बोलू नको," बसूनं संधी साधली, "नावात एकीकरण आणि 2018 च्या विधानसभेला तुमच्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन गट एकमेकांसमोर उभे. एक पण निवडून आला?"

झालं. आप्पा एका गटाचा, संज्या दुसऱ्या. देव राहिला बाजूला. संज्या म्हणे तुमच्यामुळं पडलो, आप्पा म्हणे तू प्रचाराला माझी स्कूटर नेलास ती रिकाम्या टाकीनं परत आणलास, संज्या म्हणे नेताना टाकी भरलेली होती ह्याला साक्षीदार कोण, आणि आप्पानं पास्कूकडं बोट केलं.

"मी?" पास्कूनं भज्याचा तेलकट कागद चुरगाळला. "मी त्यावेळी तिसऱ्याच पार्टीच्या जीपमध्ये होतो."