ठाण्याच्या खाडीवर बांध नको, सच्या

काल सच्याने कट्ट्यावर येताच जाहीर करून टाकलं की ठाण्याची खाडी आडवा बांध घालून अडवायची, भरतीला पाणी आत घ्यायचं, ओहोटीला टर्बाईनवरून सोडायचं, दिवसातून दोनदा वीज आणि कोळशाला कायमचा रामराम. त्याला कुठेतरी फ्रान्सच्या रान्स नदीच्या प्रोजेक्टबद्दल वाचायला मिळालं होतं. 1966 पासून चालू आहे, 240 मेगावॅट, नदीच्या मुखावर बांध आणि बांधाच्या पोटात 24 टर्बाईन. हे सगळं खरंच आहे आणि साठ वर्षं समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मशीन चालवणं ही साधी गोष्ट नाही, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण खाडीचं नाव ऐकलं आणि मी चहा खाली ठेवला.

मी म्हटलं, सच्या, आधी उंची बघ. "अरे पावसाळ्यात पेपरात येतं की, आज साडेचार मीटरची भरती, समुद्रावर जाऊ नका." हो येतं, पण तो आकडा पाणी किती वर चढणार त्याचा, विजेला लागतो तो भरती आणि ओहोटीतला फरक. आपल्याकडे उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, तो चार-साडेचार मीटरपर्यंत जातो आणि अष्टमीच्या सुमाराला भांग असतो तेव्हा खूपच खाली येतो. आणि इथे हिशोब सरळ नाही. फरक दुप्पट झाला तर पाणीही दुप्पट साठतं आणि ते दुप्पट उंचीवरून पडतं, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या तळ्यातून ऊर्जा चौपट. खंभातच्या आखातात हा फरक 11 मीटरपर्यंत जातो, सरासरीच पावणेसात, कच्छच्या आखातात सरासरी सव्वापाच. देशात भरतीच्या विजेचा विचार करायचा तर सगळे आधी त्या दोन जागांची नावं घेतात, मुंबईचं कोणी घेत नाही, ते उगाच नाही.

हऱ्या तोपर्यंत गप्प होता. हऱ्या वेसावेचा, घरची होडी, बाबा अजून डोलीला जातात. तो म्हणाला, "तुम्ही पाणी फुकट वाया जातंय असं बोलताय, आमचं जाळं कशावर चालतं माहितीये का?" डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं, तोंड प्रवाहाकडे, खुंटांना बांधलेलं. होडी ते ओढत नाही, भरती-ओहोटीचा ओढाच बोंबील, करंदी, जवळा आत आणून टाकतो, म्हणून उधाणाला धंदा बरा आणि भांगाला मंद. समुद्राच्या ओढीवर चालणारं काम मुंबईच्या किनाऱ्यावर कधीपासून चालू आहे आणि आपण ती ऊर्जा कोणी वापरतच नाही असं धरून बोलतो, हे मला कालच्या सगळ्या चर्चेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. खाडी अडवली की आतलं पाणी संथ होणार, गाळ बसणार, चिखलाचे पट्टे कधी उघडे पडायचे आणि कधी बुडायचे ते गेट उघडणारा ठरवणार. त्या चिखलावर फ्लेमिंगो जगतात, त्याच खाडीला 2022 मध्ये रामसरचा, म्हणजे जगाच्या दृष्टीने महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळालाय. रान्सला बांधकाम चालू असताना खाडी जवळपास तीन वर्षं समुद्रापासून तोडून ठेवली होती आणि आतलं जीवन परत बसायला पुढे दहाएक वर्षं लागली. फ्रान्सचं कौतुक करताना हे पण सांगायला पाहिजे ना.

मंद्या मग दुसऱ्या टोकाला गेला, की म्हणजे हा सगळा नाद सोडा, सोलर स्वस्त झालंय, तेच लावा. सुंदरबनात दुर्गादुआनीला पावणेचार मेगावॅटचा प्रोजेक्ट करणार होते, खर्च परवडेना म्हणून गुंडाळला, कच्छमध्ये 2011 साली 50 मेगावॅटची घोषणा झाली, उभं काही राहिलं नाही. हे त्याचं बरोबर. पण सोलरला ढग आले की काय, पवनचक्कीला वारा पडला की काय, आणि भरतीचं मात्र पुढच्या वर्षीच्या गणपतीत कुठल्या दिवशी किती वाजता किती पाणी येणार ते आजच छापता येतं, हे ग्रिड, म्हणजे विजेचं सगळं जाळं, चालवणाऱ्याला किती मोठं आहे याचा विचार कर. त्यावर मंद्या: "माहीत असून उपयोग काय, भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, कधी तुझी वीज रात्री तीनला येणार." येणार. पण रात्री तीनची वीज ठेवायची सोय आपल्याच जवळ आहे, भिऱ्याला 150 मेगावॅटचं युनिट आहे जे जास्तीच्या विजेवर खालचं पाणी परत वर मुळशीच्या धरणात चढवतं आणि लागेल तेव्हा खाली सोडतं.

आणि मुळशी म्हटल्यावर मला राहवलं नाही. आपण बसतो तो कट्टा सेनापती बापट मार्गाला लागून. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, 1915 ला खोपोलीहून आली, ती पुरेना, मग मुळशीचं धरण आलं, मावळातली गावं पाण्याखाली जाणार म्हणून 1921 ला सत्याग्रह झाला आणि बापटांना लोक सेनापती म्हणायला लागले ते त्याच लढ्यातून. धरण झालंच. मुंबईची वीज पहिल्यापासून दुसऱ्या कोणाच्या तरी जमिनीवरून येतेय, म्हणून मला खंभातला बांध घाला असं इथे बसून म्हणायचाही अधिकार वाटत नाही, तिथेही मच्छीमार आहेत, आणि नर्मदा, तापी, मही, साबरमती चौघी गाळ तिथेच आणून ओततात, तो बांधाच्या आत साठत जाणार.

मला जे पटलंय ते दक्षिण कोरियाच्या सिह्वा तळ्यावरून. तिथे 1994 मध्ये समुद्रात जवळपास 13 किलोमीटरची भिंत घातली ती विजेसाठी नव्हतीच, आत गोड्या पाण्याचं तळं करायचं होतं. कारखान्यांचं सांडपाणी आत साचलं, पाणी नासलं, शेवटी समुद्राला परत आत घ्यावं लागलं. मग त्याच भिंतीत टर्बाईन बसवले, 2011 पासून 254 मेगावॅट, भरतीच्या या प्रकारात जगात सगळ्यात मोठं, आणि पाणी खेळतं झाल्यामुळे तळंही सुधारलं. विजेसाठी नवी भिंत घालू नका, जिथे दुसऱ्या कारणाने भिंत आधीच उभी आहे तिथे बघा, आणि भिंत नसेल तर स्कॉटलंडला पेंटलंड फर्थ नावाच्या सामुद्रधुनीत दीड-दीड मेगावॅटचे चार टर्बाईन उघड्या प्रवाहात तळाशी बसवलेत तसं काही कच्छला छोट्या प्रमाणात करून बघा.

सच्याने लगेच विचारलं की मग आपल्या नाल्यांच्या तोंडाला गेट आहेतच की. आहेत, पण त्यांच्या मागे तळं नाही, पाण्याबरोबर प्लास्टिक येतं, आणि मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की त्या गेटांनी शहर वाचवायचं असतं, त्यात टर्बाईन अडकवायला मी तरी तयार नाही.

मंद्याचा शेवटचा प्रश्न होता, कच्छच्या त्या छोट्या प्रोजेक्टची महागडी वीज घेणार कोण. मी म्हटलं माझ्या बिलात थोडी घाला, सोलरही एकेकाळी महागच होतं, कोणीतरी महाग असताना घेतलं म्हणून आज तू त्याला स्वस्त म्हणतोयस. हऱ्या म्हणाला तोही देईल, फक्त जागा नक्की करायच्या आधी तिथल्या डोलवाल्यांना बोलवा, नंतर नको. मंद्या काही तयार झाला नाही.