गडद लाल भिंत आणि सोलापूरचे ऊन : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बैठकीच्या खोलीतील एक भिंत गडद लाल रंगवावी, या माझ्या सूचनेवर आपण तीन आक्षेप घेतले आहेत : सोलापूरच्या उन्हाळ्यात असा रंग खोली तापवतो, खोली अंधारी दिसते आणि तो लवकर विटतो. आपण बारकाईने वाचून लिहिले आहे, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

ज्या गावात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, तेथे उष्णतेची काळजी वाटणे साहजिकच आहे. परंतु आपली घरे तापतात ती मुख्यतः दिवसभर उन्हात भाजणाऱ्या स्लॅबमुळे आणि पश्चिमेकडील बाहेरच्या भिंतीमुळे. गच्चीला पांढरा चुना मारल्याने जो फरक जाणवतो, तो आतल्या भिंतीचा रंग बदलून जाणवणार नाही. खिडकीतून दुपारचे ऊन जिच्यावर थेट पडते, ती भिंत मात्र लाल करू नये.

अंधाराबाबत आपले म्हणणे खरे आहे. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८० टक्के उजेड परत फेकते, गडद लाल भिंत जेमतेम १० टक्के. म्हणूनच मी चारही भिंती नव्हे, एकच भिंत सुचवली, आणि तीही खिडकीसमोरची नव्हे, तर बाजूची. तरीही बहुतेक घरांत हा रंग बिघडतो तो संध्याकाळी, ६५०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप) पांढऱ्याफटक ट्यूबखाली, जिथे लाल भिंत काळपट तपकिरी आणि निर्जीव दिसते. दिव्याच्या खोक्यावर छापलेला सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा, आकडा पाहूनही फसगत होऊ शकते, कारण ती सरासरी आठ फिकट छटांवरून काढतात आणि ज्याला आर९ म्हणतात तो गडद लाल तिच्यात धरलेलाच नसतो. २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, आर९ चांगला असलेला दिवा लावला की तीच भिंत खुलते.

विटण्याचा प्रश्न रंगद्रव्याचा आहे. गेरूला लाली देणारे लोहाचे ऑक्साइड उन्हाला दाद देत नाही. भडक, चकचकीत लाल छटांतील काही रंगद्रव्ये मात्र फिकी पडतात आणि भिंत झाकायलाही कमी पडतात. पांढऱ्या प्रायमरवर अशा लाल रंगाचे चार हात देऊनही पट्टे दिसत राहतात, तेव्हा रंगाऱ्याला करडा प्रायमर मारायला आवर्जून सांगावे. ओल असलेली भिंत निवडूच नये, कारण लोणा (ओलीमुळे भिंतीवर येणारे क्षार) फुटला की लाल रंगावर पांढरे डाग लांबूनही दिसतात.

हा रंग आपल्याकडे परका वाटतो, असेही आपण म्हणता. ज्या गावात घरोघरी मरून रंगाच्या चादरी वापरल्या जातात, तेथे मला हे पटत नाही. लाल भिंतीवर लाल चादर टांगू नये एवढे खरे. आपल्याच हातमागावरचे पांढरट वॉल हँगिंग तिथे उठून दिसते.

आपल्या हॉलला एकच खिडकी आहे आणि तीही पश्चिमेला, असे आपण लिहिले आहे. त्या हॉलमध्ये मीही हा रंग देणार नाही. आपली झोपण्याची खोली मुख्यतः रात्रीच वापरात असेल, तर पलंगाच्या डोक्यामागची भिंत पाहावी. तिथे दिवसाच्या उजेडाची फारशी गरज पडत नाही.