निळ्या दाताचा ठणका

माझ्या जुन्या हेडफोनला वायर होती आणि वायरला गाठी होत्या. ठाणे स्टेशनचा जिना चढताना तो गुंता खिशातून काढायचा, दहा नंबरवर उतरेपर्यंत सोडवत राहायचा आणि पनवेल गाडी लागली की एकदाचं त्याचं टोक हाती यायचं. गाठ सुटली की गाणं सुरू. बिघडलंय काय आणि कुठे, ते डोळ्यांना दिसायचं. पंचावन्नाव्या वाढदिवसाला लेकीने इअरबड्स दिले आणि ही सोय संपली.

"बाबा, आता तुझी वायरची कटकट गेली," ती म्हणाली.

हातात एक गुळगुळीत पांढरी डबी आली. आजोबांच्या चंचीतल्या चुन्याच्या डबीएवढी. उघडली तर आत दोन बोंडं, जुळी बाळं निजावीत तशी. कानात घातली की आतली एक बाई इंग्रजीत "पॉवर ऑन" म्हणायची आणि मग "कनेक्टेड". कोणाशी, ते कधीच सांगायची नाही. आपल्याकडे दार उघडणारा माणूससुद्धा "कोण हवंय?" एवढं तरी विचारतो. लेकीने मला बोटांची भाषा शिकवली. एकदा टिचकी मारली की गाणं थांबतं, दोनदा मारली की फोन उचलला जातो आणि दोन्ही कान दहा सेकंद दाबून धरले की सगळं पुसून पाटी कोरी. ह्या शेवटच्याची तुला गरज पडणार नाही, असंही ती म्हणाली.

चार महिने संसार सुखाचा चालला. मग एका मंगळवारी गाडी ठाण्याहून सुटली आणि दिघा गाव यायच्या आत डावा कान गप्प झाला. ऐरोलीला बोलायला लागला. रबाळ्याला पुन्हा रुसला. घणसोलीला दोघंही गेले. ऐकू येत नाही म्हणून मी आवाज वाढवला, पुन्हा प्ले दाबलं आणि माझ्या मागच्या खिशातून अख्ख्या डब्याला नाट्यगीत ऐकू गेलं. खिडकीशी झोपलेल्या गृहस्थांनी एक डोळा उघडून विनंती केली, "साहेब, जरा कमी ताना असलेलं लावा."

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ३४ किलोमीटर कापून ठाण्याला पोचली, हे आम्हा ठाणेकरांना शाळेपासून पाठ असतं. आल्यागेल्याला ऐकवतोही आम्ही ते. त्याच ठाण्यात आता पँटच्या खिशापासून कानापर्यंतचे तीन फूट एका गाण्याला पार होईनात.

ऑफिसात सांगायची चूक केली. पाठदुखी आणि मोबाइल ह्या दोन विषयांवर आपल्याकडे प्रत्येक जण डॉक्टर असतो. कोणी म्हणालं सॉफ्टवेअर अपडेट करा, कोणी म्हणालं फोनच बदला. हिशेब विभागातल्या बाईंनी रात्रभर तांदळात ठेवायला सांगितले. बोंडं भिजलेली नव्हतीच, पण इतक्या आपुलकीने सांगितलं की मी ठेवली, आमच्या कोलमच्या डब्यात. सकाळी उजवं बोंड वरच सापडलं. डावं सापडलं तेव्हा बायकोने तांदूळ धुऊन कुकरच्या भांड्यात काढले होते आणि शिटी हातात घेतली होती. ती काहीच बोलली नाही. हे जास्त वाईट.

लेकीचा उपाय वेगळा होता. फोनला सांगायचं, हे उपकरण विसर, आणि मग नव्याने ओळख करून द्यायची. मी विसरायला लावलं, जोडलं. डावा आला, गेला. पुन्हा विसरायला लावलं, पुन्हा जोडलं. एका संध्याकाळी सात वेळा काडीमोड आणि सात वेळा पाट. आठव्या वेळी फोनच्या यादीत शेजाऱ्यांचा टीव्ही दिसला आणि चुकून त्यावर बोट पडलं. भिंतीपलीकडून "अहो, हे काय विचारतंय बघा टीव्हीवर!" असं ऐकू आलं, तेव्हा मी दिवा घालवून झोपून टाकलं.

मग मी नेटवर वाचायला बसलो. आमच्या पिढीची ही खोड आहे. नळ गळायला लागला तर आम्ही आधी जलशास्त्र वाचतो.

ब्लूटूथ म्हणजे निळा दात, हे तर उघडच आहे. पण दात कोणाचा? दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचा. हे त्याचं टोपणनाव. ह्या राजाने डेन्मार्क आणि नॉर्वे आपल्या एका छत्राखाली आणले. कॉम्प्युटर आणि फोन ह्यांनाही असंच एकत्र आणायचंय म्हणून १९९७ साली इंटेलच्या एका इंजिनिअरने हे नाव सुचवलं, तेही तात्पुरतं. तात्पुरतं तेच कायमचं झालं. पाळण्यातलं नाव पुरुषोत्तम असलं तरी बाळ्या साठीतही बाळ्याच राहतो, त्यातलाच प्रकार. फोनवरची ती निळी खूण म्हणजे राजाची रुनिक लिपीतली दोन आद्याक्षरं एकमेकांत गुंतवलेली. ज्या राजाने मध्ये समुद्र असलेले दोन मुलूख जोडले, त्याच्या नावाने चालणाऱ्या यंत्राला माझे दोन कान जोडता येत नव्हते.

पुढे वाचलं ते जास्त कामाचं होतं. हे सगळं रेडिओलहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. त्या पट्ट्याला परवाना लागत नाही, त्यामुळे तिथे फेरीवाल्यांची गर्दी असावी तशी गर्दी. घरोघरचं वायफाय तिथेच, मायक्रोवेव्हही त्याच गल्लीत, आणि आमच्या डब्यात प्रत्येकाच्या कानात एकेक दुकान. ह्या गर्दीतून निभावायला आपलं गाणं ७९ वाटा धरतं आणि सेकंदाला १६०० वेळा एकीवरून दुसरीवर उडी मारतं. जिथे तुंबलंय ती वाट सोडून द्यायची. ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखालून रिक्षावाला मीटर टाकून निघतो तेव्हा हेच करतो, फक्त १६०० वेळा नाही.

ह्या लहरींना पाणी सोसत नाही. पाणी त्यांना शोषून घेतं, आणि माणूस म्हणजे बराचसा पाणीच. फोन मागच्या खिशात आणि बोंड कानात म्हटलं की मध्ये अख्खा मी. सकाळी ८.४० च्या गाडीत तर माझ्या खिशाच्या आणि माझ्या कानाच्या मध्ये आणखी दोघं उभे असतात. शिवाय काही बोंडांत उजवाच फोनशी बोलतो आणि डाव्याने उजव्याकडून ऐकायचं असतं, धाकट्या जावेने मोठ्या जावेकडून निरोप घ्यावा तसं.

हे शास्त्र मी उत्साहाने बायकोला सांगितलं. "म्हणजे बघ, उजव्याकडून डाव्याकडे जायचं तर मध्ये माझं डोकं येतं. त्यात अडतं ते."

"तुमच्या डोक्यात?" ती म्हणाली. "तिथे काय आहे अडायला?"

तरी मी शास्त्र सोडलं नाही. फोन शर्टाच्या खिशात ठेवायला लागलो. घरी गाणं ऐकताना मायक्रोवेव्ह लावू नको, असं एकदा म्हणून बघितलं. त्या रात्री मी थंड आमटी शास्त्रोक्त पद्धतीने खाल्ली.

शेवटी पाटी कोरी करायचं ठरवलं. बायकोसमोर करायला नको म्हणून संध्याकाळी तलावपाळीला फिरायला गेलो होतो, तिथेच उरकावं म्हटलं. गडकरी रंगायतनपासून मासुंदा तलावाला अर्धा फेरा मारला, जरा मोकळी जागा बघून थांबलो, दोन्ही हातांनी दोन्ही कान दाबले, डोळे मिटले आणि मनात दहापर्यंत मोजायला लागलो. मोजण्यात चूक झाली म्हणून पुन्हा पहिल्यापासून. ओठ हलत असणार. डोळे उघडले तेव्हा कळलं की मी कौपिनेश्वराच्या देवळाच्या वाटेत दाराकडे तोंड करून उभा होतो. शेजारी एका तरुणाने चपला काढून माझ्याबरोबर कान धरले होते. फुलवाली मावशी कळवळून म्हणाली, "काका, एवढं काय मनाला लावून घेता? तो सगळं माफ करतो. बेल देऊ?"

मी दहा रुपयांचा बेल घेतला. डाव्या कानात अजूनही सामसूम होती.

गोखले रोडच्या एका आडगल्लीत जिन्याखाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, एक भिंग लावलेला दिवा आणि त्यामागे विशीतला एक पोरगा. मी त्याच्यापुढे बसलो आणि सुरुवातीपासून सांगितलं. दिघा गाव, रबाळे, २.४, शरीरातलं पाणी, ७९ वाटा. हॅराल्डपर्यंत आलो तेव्हा त्याने हात पुढे केला.

"डबी द्या."

डावं बोंड त्याने उलटं करून भिंगाखाली धरलं. मग मला म्हणाला, "बघा." मी वाकून बघितलं. बोंडाच्या बुडाशी दोन सोनेरी ठिपके असतात, मोहरीहून बारीक. डबीच्या खाचेत तशाच दोन पिना असतात. पिनांवर ठिपके टेकले की चार्जिंग होतं. उजव्याचे ठिपके लख्ख होते. डाव्याचे दिसतच नव्हते. त्यांवर पिवळट तपकिरी असा एक थर चढला होता, जुन्या समईच्या तळाशी बसतो तसला.

"हे काय?" मी विचारलं.

"मळ आहे काका." दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. "कानातला. चार्जच होत नव्हता डावा. थोडा टेकला की थोडा चालतो, मग मरतो. जाळीपण भरलीय बघा."

म्हणजे १६०० उड्यांनी काही बिघडवलं नव्हतं. मायक्रोवेव्ह निर्दोष, डब्यातली माणसंही निर्दोष. गुन्हेगार मीच बाळगून होतो, आणि तोही डाव्या बाजूचा.

त्याने एक दात झिजलेला टूथब्रश काढला, कापसाच्या काडीवर आयपीए नावाचं स्पिरिटसारखं काहीतरी घेतलं आणि ठिपके पुसले, पिना पुसल्या, जाळी खाली तोंड करून ब्रशने झाडली. सगळं मिळून दीड मिनिट. कापसाचा तो बोळा त्याने काउंटरवर माझ्यासमोरच ठेवला होता. मला तो डस्टबिनमध्ये टाकायचा होता, पण पुरावा आपण कसा हलवणार?

"किती झाले?"

"राहू द्या काका. मळाचे काय पैसे घ्यायचे?"

हजार रुपये मागितले असते तरी मला इतकं लागलं नसतं.

पण काम फत्ते झालं. सोमवार ते शनिवार, ठाणे ते कोपरखैरणे, दोन्ही कान एका सुरात. खिडकीशी बसणाऱ्या गृहस्थांनी तर खुणेने विचारलंसुद्धा, आज ताना नाहीत का? रविवारी बायकोने आपणहून बोंडं मागितली. तिच्या फोनला जोडून दिली. तिने बहिणीशी अर्धा तास बोलून बघितलं, "बरी आहेत हो," म्हणाली आणि डबीत ठेवून दिली. मला धन्य वाटलं.

संध्याकाळी मी बाल्कनीत खुर्ची टाकली, चहा घेतला आणि बोंडं कानात घातली. "पॉवर ऑन," बाई म्हणाली. "कनेक्टेड." फोन टेबलावर होता. गाणं कोणतं लावावं ह्याचा विचार करत होतो, तेवढ्यात कानात रिंग वाजली. मी सराईतासारखी दोनदा टिचकी मारली.

"काय गं ताई," डाव्या आणि उजव्या दोन्ही कानांत लख्ख आवाज आला. मेहुणीचा. "निघाला का भावोजींच्या कानातला सगळा? तू म्हणालीस ते पटलं हो मला. पंचवीस वर्षं तुझं काही ऐकत का नव्हते, ते आता कळलं!"

टेबलावरचा माझा फोन काळाठिक्कर पडून होता. स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली, "अहो, माझे हात कणकेचे आहेत, कोणाचा फोन होता? लगेच बंद कसा झाला?"

"ताई? अगं बोल ना," मेहुणी म्हणाली. "भावोजी आसपास आहेत का?"

मी दोन्ही हातांनी दोन्ही कान धरले, डोळे मिटले आणि एकपासून मोजायला लागलो.