'जणू' दिसला की उपमा? तसं नाही

स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये एक ओळ फिरते आहे: 'सम, सारखा, जणू यांपैकी शब्द दिसला की उपमा अलंकार.' हे चूक आहे. 'चेहरा चंद्रासारखा' यात साम्य सांगितलं आहे, म्हणून उपमा. 'चेहरा जणू चंद्रच' यात चेहरा म्हणजे चंद्रच असावा अशी कल्पना केली आहे, ही उत्प्रेक्षा. 'चेहरा हाच चंद्र' यात दोन्ही एकच मानले आहेत, हे रूपक.

'सारखा'वरही भिस्त ठेवू नका. 'आंब्यासारखा आंबाच' यात तुलनेला दुसरी वस्तूच नाही, म्हणून तो अनन्वय. 'पोरगं सारखं रडतंय' यात तर अलंकारच नाही! उलट 'कमलनयना'त (कमळासारखे डोळे असलेली) साम्यवाचक शब्द नसूनही उपमा आहे. आधी उपमेय (ज्याची तुलना केली ते) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना केली ते) शोधा, मग त्यांचं नातं बघा.