मुलांना जपानला नेताय? हिरोशिमा गाळू नका

जपानला निघालेले बरेच मित्र त्यांचा कार्यक्रम दाखवतात. टोकियो, फुजी, क्योटो, ओसाका आणि मुलांसाठी एखाद-दुसरं थीम पार्क. हिरोशिमा बहुतेकदा नसतंच. का विचारलं, तर म्हणतात, "सुट्टीत पोरांच्या डोक्याला एवढं जड कशाला?" मला हे अजिबात पटत नाही. नऊ-दहा वर्षांची मुलं सोबत असतील तर तिथं जायलाच हवं.

आम्ही ओसाकाहून निघालो आणि वाटेत हिमेजीला उतरलो. दर दिवाळीत मातीचा किल्ला करणारी आमची पोरं तिथं हरखूनच गेली. १६०९ मध्ये आजच्या रूपात उभा राहिलेला पांढराशुभ्र किल्ला. आत सगळं लाकडी, बूट काढून पिशवीत घ्यायचे आणि खड्या जिन्यांनी वर चढायचं. भिंतीत गोल, त्रिकोणी, चौकोनी जंग्या. त्या कशासाठी, हे आपल्याकडचे गड पाहिलेल्या मुलांना सांगावं लागत नाही. मुलगा एकेका जंगीला डोळा लावून बघत होता. जुलै १९४५ मध्ये विमानांनी हे शहर जाळलं, किल्ला मात्र वाचला, हे तिथंच त्याला सांगितलं. "विमानं कुणाची?" त्यानं विचारलं, आणि हिरोशिमाचा विषय आपोआप निघाला.

हिरोशिमातल्या संग्रहालयातली काही छायाचित्रं फार भयंकर आहेत. मुलांना घेऊन आम्ही तिथून भराभर पुढे गेलो. थांबलो ते एका गंजलेल्या तीनचाकी सायकलपाशी. शिनिची तेत्सुतानी, चार वर्षंही पूर्ण न झालेला मुलगा. ६ ऑगस्टच्या सकाळी घरासमोर तो ती चालवत होता. सव्वाआठला बॉम्ब पडला, रात्री तो गेला. एवढ्याशा पोराला एकट्याला दूर कुठं पुरायचं, म्हणून वडिलांनी अंगणातच पुरलं आणि सायकलही सोबत ठेवली. १९८५ मध्ये त्यांनी ती उकरून काढली आणि संग्रहालयाला दिली.

"बाबांनी परत का काढली?" लेकीनं विचारलं. सगळ्यांना दिसावी म्हणून, एवढंच मला सांगता आलं.

पुढचा प्रश्न येतोच: अमेरिकेनं बॉम्ब टाकलाच का? तिथं अर्धवट उत्तर देऊ नका. पर्ल हार्बरवरचा जपानचा हल्ला सांगा, चीनमधल्या नानजिंगमध्ये जपानी सैन्यानं केलेली कत्तल सांगा. आपल्या अंदमानवर १९४२ ते १९४५ जपानचा ताबा होता आणि तिथल्या लोकांचे अतोनात हाल झाले, हेही सांगा. मुलांना ते पेलतं. शिनिचीसाठी वाईट वाटतंच, आणि अंदमानातल्या माणसांसाठीही.

ओसाकाहून हिरोशिमाला शिनकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, दीड तास लागतो, एका दिवसात जाऊन येता येतं. तरी जमलं तर रात्री तिथंच राहा. मुलांचे खरे प्रश्न जेवताना सुरू होतात, तेव्हा परतीची गाडी गाठायची घाई नको.