‘लेकरांसाठी काहीच नव्हतं’ : अंदमानच्या सहलीबद्दल आमचं म्हणणं

नमस्कार ताई,

तुम्ही दोन स्टार दिले, त्यावर भांडण नाही. पण तुमचा अभिप्राय वाचून वरुड-मोर्शीकडची बरीच मंडळी फोन करून विचारतात, म्हणून इथंच सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं, की अंदमानात लेकरांसाठी काहीच नव्हतं, मुलाला स्कूबा (पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली उतरणं) करू दिलं नाही, पाचलाच अंधार पडायचा, मुलीचे शंख विमानतळावर काढून घेतले, आणि बाराटांग बेटाकडचे आदिवासीही दाखवले नाहीत.

अंधाराचं आधी सांगतो. आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर चालतं आणि ही बेटं 92-93 अंशांवर आहेत. आपल्या वरुडपेक्षा तिथं सूर्य जवळजवळ तासभर आधी उगवतो आणि तसाच आधी मावळतो. दिवाळीच्या सुट्टीत संध्याकाळी पाचला दिवे लावावे लागतात, पण पहाटे साडेपाचला लख्ख उजाडलेलं असतं. म्हणून कार्यक्रमात रोज सकाळी सहाची वेळ छापली होती. तुमच्याकडची मंडळी नऊला नाश्त्याला उतरायची. सुट्टीत झोपू नका असं म्हणणारा मी कोण? पण मग अर्धा दिवस खोलीतच जातो.

मला खरी हळहळ वाटली ती नील बेटाची, म्हणजे आताच्या शहीद द्वीपची. लक्ष्मणपूरचा दगडी पूल ओहोटीतच पाहायचा असतो. पाणी मागं सरतं, खडकांत डबकी उरतात आणि त्यांत जे अडकून राहतं ते पाहायला लेकरं तासभर हलत नाहीत. काळी सागरकाकडी (काकडीसारखा दिसणारा समुद्री प्राणी), नखाएवढे खेकडे, निळे मासे, आणि माणसाची सावली पडली की पटकन मिटणारा मोठा शिंपला. आपल्या लेकरांनी पाणी पाहिलेलं असतं विहिरीत, कालव्यात, फार तर अप्पर वर्धा धरणावर. रोज दोनदा मागं जाऊन परत येणारं पाणी त्यांना नवंच असतं. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढं सरकते, म्हणून आम्ही ती आदल्या रात्री ग्रुपवर टाकतो. तुम्ही पोचलात तेव्हा भरती लागली होती. शेवाळलेल्या खडकांवरून लेकरं नेऊ नका असं गाइडनं सांगितलं, ते बरोबरच सांगितलं.

स्कूबाबद्दल मी ऐकून घेणार नाही. समुद्रातल्या पहिल्या डाइव्हसाठी किमान 10 वर्षं वय लागतं आणि तुमचा मुलगा आठचा. खोल पाण्यात घेतलेली हवा वर येताना छातीत फुगते. श्वास रोखून वर आलं तर फुप्फुसाला इजा होते, आणि घाबरलेलं लेकरू नेमका श्वासच रोखतं. वय खोटं सांगा असं तुम्हाला किनाऱ्यावर कोणी सुचवलं असेल, तर तो आमचा माणूस नव्हता. स्कूबाचे पैसे त्याच दिवशी परत केले, हे अभिप्रायात राहून गेलं. त्याऐवजी एलिफंट बीचवर त्यानं रबरी रिंग धरून स्नॉर्केलिंग केलं, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावरूनच खालचं पाहिलं. तुमची पाच वर्षांची मुलगी पाण्याला भ्याली, म्हणून तिला काचेच्या तळाच्या बोटीत बसवलं. बोटीत वाकून काचेला नाक लावलेला तिचा फोटो तुम्हीच ग्रुपवर टाकला होता.

शंखांचं दुःख समजतं, लेकरू रडलं असेल. पण पोवळी आणि कित्येक शंख 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतात, मेलेलं पोवळं उचललं तरी चालत नाही. निघताना दिलेल्या मराठी कागदावर हे ठळक छापलं आहे. हौस असेल तर सरकारी ‘सागरिका’ दुकानातून घ्यावं आणि पावती जवळ ठेवावी.

राहिलं बाराटांग. पहाटे अंधारात निघून, गाड्यांच्या ताफ्यात, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जावं लागतं. वाटेत थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. लहान लेकरं असली की मी ती वाट ठेवतच नाही. आणि ‘आदिवासी दाखवा’ हे माझ्याच्यानं होणार नाही, ताई. उद्या कोणी मेळघाटात येऊन कोरकू दाखवा म्हणालं तर आपल्याला कसं वाटेल?

सेल्युलर जेलचा संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश शो लहान लेकरांना लांबट वाटतो, हे तुमचं खरं आहे. दिवसा कोठडीत उभं करून ती तीन मीटर उंचावरची खिडकी दाखवली, तर त्यांना जास्त कळतं.

जे फोन करून जूनची सहल मागतात त्यांनाही इथंच सांगतो. विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात हे खरं, पण मोसमी पाऊस मेच्या तिसऱ्या आठवड्यातच अंदमानात पोचतो. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, पाण्यातले खेळ बंद. त्या दिवसांत स्वस्तात मिळालं तरी लेकरं घेऊन जाऊ नका. मी बुकिंग घेत नाही.

मुलाचा पोहायचा चष्मा आमच्या सामानात आला आहे. दुकान एसटी स्टँडजवळ आहेच, रविवारी दुपारनंतर बंद असतं.